सॅम्युअल लँग्ली : एक अपयशी विमानोपासक

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा यशाच्या टोकाकडून वाचावयास घेतो. अमक्याने शोध लावला, तमक्याने शिखर गाठले, हे आपणांस आधीच ठाऊक असते. त्यामुळे वाटेतील ठेचा आपणांस गोड वाटतात. परंतु ज्याच्या वाटेच्या शेवटी शिखरच नव्हते, अशा माणसाचे चरित्र कोणी कशासाठी वाचावे? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रसंग आम्हांवर अलीकडेच आला, आणि तो आला अशोका गार्डनातील एका मोकळ्या मैदानावर.

हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी आमच्या वर्गातील चार-पाच मुले थर्माकोलचे एक छोटे विमान घेऊन तेथे जमली होती. विमानाला विजेची मोटर, मोटरीला बॅटरी आणि विमान दुरून हाकण्यासाठी मुलांच्या हाती रिमोट. तीन आठवडे रात्री जागून त्यांनी ते तयार केले होते. पहिल्याच उड्डाणात विमान झोकात वर गेले, वळले आणि आमच्या दिशेने परत येऊ लागले. येथेच घात झाला. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याची डावी-उजवी बाजू तीच आपली डावी-उजवी असते. ते समोरून येऊ लागले की सारे उलटे होते. गोंधळलेल्या मुलाने डावीकडे वळविण्यासाठी दांडी डावीकडे ओढली आणि विमान उजवीकडे कलले. ते खाली येते आहे असे पाहून त्याने नाक वर खेचले. वेग मंदावला, पंखांनी हवेवरची पकड सोडली आणि विमान दगडासारखे जमिनीवर आदळले. पंख मोडला, पंखा तुटला.

मुलांनी तुकडे गोळा केले. ज्याच्या हाती रिमोट होता तो मुलगा मात्र एका बाजूस जाऊन बसला. पुन्हा येणार नाही, एवढेच त्याने सांगितले. पुढच्या रविवारी दुरुस्त केलेले विमान आम्ही स्वतः उडवून पाहिले. अकरा सेकंदांत ते कडुनिंबाच्या फांदीत जाऊन अडकले. ह्या विद्येत आमचा अधिकार किती, हे त्यावरून उघडच झाले! त्या मुलाची समजूत घालावी एवढे ज्ञान आमच्यापाशी नव्हते. म्हणून ज्या माणसाने लहान लहान विमाने पाडण्यात आयुष्याची नऊ वर्षे घालविली, त्याची कथा आम्ही त्यास सांगितली. तीच येथे थोडक्यात देत आहोत.

सॅम्युअल पिअरपाँट लँग्ली ह्यांचा जन्म २२ ऑगस्ट १८३४ रोजी अमेरिकेत बोस्टन शहराजवळील रॉक्सबरी ह्या गावी झाला. वडील व्यापारी होते. घरी पुस्तके होती आणि एक दुर्बीणही होती. त्या दुर्बिणीने बालवयातच त्यांना आकाशाचे वेड लावले. १८५१ मध्ये त्यांचे हायस्कूलचे शिक्षण पुरे झाले. महाविद्यालयात ते गेलेच नाहीत. पुढे ज्यांच्या हाती अमेरिकेतील एका अग्रगण्य विज्ञानसंस्थेची सूत्रे आली, त्या गृहस्थांचे रीतसर शिक्षण तुमच्या शाळेएवढ्याच शाळेत संपले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तरुणपणी त्यांनी शिकागो व सेंट लुई येथे इमारतींचे आराखडे काढून उपजीविका केली. तिशी गाठल्यावर ते घरी परतले आणि भाऊ जॉन ह्याच्या साहाय्याने त्यांनी स्वहस्ते एक परावर्ती दुर्बीण घडविली. आरसा घासावा, तपासावा, न जमल्यास पुन्हा घासावा, असा तो उद्योग. पुढील साऱ्या आयुष्याची दीक्षा त्यांना येथेच मिळाली असे आम्हांस वाटते. काही काळ हार्वर्डच्या वेधशाळेत व नाविक विद्यालयात काम केल्यावर १८६७ मध्ये ते पिट्सबर्गजवळील अ‍ॅलेघेनी वेधशाळेचे संचालक झाले.

ही वेधशाळा नावापुरतीच होती. साधनांसाठी पैसा नव्हता. लँग्लींनी एक युक्ती योजिली. त्या काळी गावोगावची घड्याळे निरनिराळी वेळ दाखवीत, आणि आगगाड्यांना त्यामुळे धोका असे. ताऱ्यांच्या वेधांवरून अचूक वेळ ठरवून ती तारायंत्राने रेल्वे कंपन्यांना पुरवावयाची आणि त्या उत्पन्नावर वेधशाळा चालवावयाची, असा उपक्रम त्यांनी १८६९ पासून सुरू केला. सूर्यावरील डागांची त्यांनी काढलेली चित्रे इतकी सूक्ष्म होती की छायाचित्रणकला बाल्यावस्थेत असलेल्या त्या काळात ती प्रमाण मानली गेली. १८८० च्या सुमारास त्यांनी बोलोमीटर नावाचे उपकरण सिद्ध केले. प्लॅटिनमची एक अत्यंत बारीक पट्टी; तिच्यावर उष्णतेचा किरण पडला की तिचा विद्युत्-रोध किंचित् बदलतो, आणि त्या बदलावरून उष्णता मोजता येते. एका अंशाचा एक लक्षांश भाग ह्या उपकरणाने कळे. ते घेऊन १८८१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील व्हिटनी पर्वतावर स्वारी केली आणि सूर्याची किती उष्णता आपले वातावरण वाटेतच शोषून घेते, ह्याचे मोजमाप केले. वैशाखात भोपाळच्या तापलेल्या रस्त्यावरून शाळेत येणाऱ्यांस ह्या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

वयाच्या पन्नाशीत असा लौकिक मिळविलेल्या मनुष्याने आपल्या क्षेत्रात मानाने राहून आयुष्य काढले असते, तर त्यास कोण नावे ठेवणार होते? परंतु १८८६ मध्ये बफेलो येथील एका विज्ञानपरिषदेत पक्ष्यांच्या तरंगण्याविषयीचा एक निबंध त्यांच्या कानी पडला. श्रोत्यांनी वक्त्याची टर उडविली. लँग्ली मात्र विचारात पडले. घार पंख न हलविता आकाशात घिरट्या घालते, तिला वर धरून ठेवणारी शक्ती कोणती?

आमचे बालपण समुद्रकाठच्या कोकणी घरात गेले. मासेमारीच्या होड्या किनाऱ्यास लागत तेव्हा त्यांच्यावर पक्ष्यांचे थवे पंख स्थिर ठेवून तरंगत असत, आणि आम्ही तासन्‌तास ते पाहत असू. पाहणारे आमच्यासारखे लक्षावधी होते. मोजावयास मात्र फार थोडे निघाले. लँग्ली मोजावयास निघाले.

वेधशाळेच्या आवारात त्यांनी एक प्रचंड फिरता दांडा उभारला. मध्यापासून टोकापर्यंत त्याची लांबी ३० फूट. वाफेच्या इंजिनाने तो गरगर फिरे आणि टोकाचा वेग तासाला सुमारे ७० मैलांपर्यंत जाई. त्या टोकाशी पितळेचे पत्रे व पेंढा भरलेले पक्षी बांधून हवा त्यांना किती उचलते व किती अडविते, ह्याची नोंद ते करीत. १८९१ मध्ये हे प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांचा एक निष्कर्ष, वेग वाढेल तसतशी लागणारी शक्ती कमी होते हा, पुढे सर्वस्वी टिकला नाही. परंतु हवेहून जड यंत्र उडू शकेल हे एका नामांकित शास्त्रज्ञाने आकड्यांनिशी सांगितले, ह्याचा परिणाम फार मोठा झाला.

दरम्यान १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या चिटणीसपदाची, म्हणजे प्रमुखपदाची, धुरा त्यांच्याकडे आली. तेथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय त्यांच्याच कारकिर्दीत, १८८९ मध्ये स्थापन झाले. मुलांसाठी त्यांनी संग्रहालयात १९०१ साली एक स्वतंत्र दालन उघडले. ते स्वतः अविवाहित होते. परंतु मुलांच्या कुतूहलाची त्यांना मनापासून कदर होती.

आता त्यांच्या खऱ्या तपश्चर्येकडे वळू. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो ह्या तरुणाने १८७१ मध्ये रबराच्या पिळावर उडणारे एक खेळण्याएवढे विमान यशस्वी करून दाखविले होते. लँग्लींनी त्याच पद्धतीने आरंभ केला. तीस-चाळीस प्रतिकृती त्यांनी बनविल्या. पंख, शेपूट व पंखे बदलून त्यांच्या सुमारे १०० निरनिराळ्या जुळण्या करून पाहिल्या. पण रबराचा पीळ पाहता पाहता उलगडे. सहा-आठ सेकंदांत उड्डाण संपे. आणि तेवढ्या वेळात विमान का कलले, कोणीकडे कलले, हे कळण्याच्या आतच ते खाली आलेले असे. ज्यांनी मैदानावर विमान उडविले आहे त्यांस ही व्यथा समजेल. दोष कोठे आहे हे उमगण्यास उड्डाण लांबावे लागते, आणि उड्डाण लांबण्यास दोष जावा लागतो!

म्हणून त्यांनी रबर सोडून वाफेचे इंजिन घेतले. आपल्या यंत्रांना त्यांनी ग्रीक शब्दांवरून एअरोड्रोम, म्हणजे हवेत धावणारे, असे नाव दिले. पहिले यंत्र इतके जड झाले की ते उडविण्याचा विचारच सोडावा लागला. त्यापुढील तीन यंत्रांची शक्ती अपुरी पडली. हलके करावे तर सांगाडा वाकतो, बळकट करावे तर इंजिनास भार पेलत नाही, ह्या कात्रीत वर्षे जात होती. वॉशिंग्टनपासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर क्वांटिको येथे पोटोमॅक नदीत त्यांनी एक घरनौका ठेवली. तिच्या छपरावरून स्प्रिंगच्या जोरावर यंत्र हवेत फेकावयाचे, म्हणजे ते पडले तरी पाण्यात पडेल, ही योजना. १८९३ च्या हिवाळ्यात सारी मंडळी वारंवार तेथे जात, वारा पडण्याची वाट पाहत थंडीत कुडकुडत आणि उड्डाण न करताच परत येत. वारा अनुकूल झाला तेव्हा फेकण्याचे साधन बिघडले. साधन सुधारले तेव्हा हवेच्या दाबाने पंखच पिळवटले. कार्यशाळेत वाळूच्या भाराखाली ताठ राहणारा पंख हवेत का वळतो, हे शोधण्यात आणखी काळ गेला.

ह्या सर्व वर्षांत एक नियम लँग्लींनी मोडला नाही. प्रत्येक प्रयोगाची नोंद झालीच पाहिजे. वजन किती, दाब किती, पंखांचा कोन किती, यंत्र कोठे पडले, प्रथम काय मोडले, हे सारे वहीत उतरत होते. कौतुकाचा एक शब्दही मिळत नसताना स्वतःच्या फजितीचा असा बारकाईने हिशेब ठेवणे हे सोपे नाही.

६ मे १८९६ हा दिवस उजाडला. घरनौकेजवळ प्रेक्षक म्हणून टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल उपस्थित होते. प्रथम ६ क्रमांकाचे यंत्र सोडले. एक तार अडकली आणि ते पाण्यात गेले. दुपारी तीनच्या सुमारास ५ क्रमांकाचे यंत्र सुटले. सुमारे ११ किलो वजनाचे, चार मीटरांहून अधिक पंखविस्ताराचे ते यंत्र क्षणभर किंचित् खाली झुकले, सावरले आणि विस्तीर्ण वर्तुळे घेत वर चढू लागले. पाण्याची वाफ संपली तेव्हा पंखे थांबले. यंत्र मात्र कोसळले नाही, अलगद पाण्यावर उतरले. त्याने सुमारे १,००० मीटर अंतर तोडले होते. ते पुसून वाळवून त्याच दिवशी पुन्हा सोडले. तेव्हा ते सुमारे ७०० मीटर गेले. बेलसाहेबांनी त्याची छायाचित्रे घेतली. इंजिनाच्या बळावर चालणाऱ्या, हवेहून जड अशा मोठ्या यंत्राचे इतके लांब उड्डाण जगात पूर्वी झालेले नव्हते. त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी ६ क्रमांकाचे यंत्र जवळजवळ दीड किलोमीटर उडाले. लँग्ली तेव्हा ६२ वर्षांचे होते.

त्यांनी येथेच थांबावयाचे ठरविले होते. परंतु १८९८ मध्ये युद्धाचे वारे वाहू लागले आणि अमेरिकेच्या युद्धखात्याने माणूस वाहून नेणाऱ्या यंत्रासाठी ५०,००० डॉलर देऊ केले. त्यांनी ते स्वीकारले. चार्ल्स मॅन्ली ह्या तरुण साहाय्यकाने ५२ अश्वशक्तीचे एक अप्रतिम पेट्रोल-इंजिन सिद्ध केले. सांगाडा मात्र यशस्वी प्रतिकृतीचाच, फक्त सुमारे चौपट मोठा केलेला.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. एखादी वस्तू सर्व दिशांनी चौपट केली तर तिच्या पंखाचे क्षेत्रफळ १६ पट होते. परंतु घनफळ, आणि म्हणून वजन, ६४ पट होते. लहान यंत्रात जो बांबू पुरेसा बळकट असतो, तोच मोठ्या यंत्रात दुबळा ठरतो. प्रतिकृती खरे बोलते, परंतु आपल्या आकारापुरतेच.

७ ऑक्टोबर १९०३ रोजी मॅन्ली यंत्रात बसले. नौकेवरून सुटताच यंत्र पुढच्या बाजूने खाली झुकले आणि नदीत पडले. ८ डिसेंबर रोजी, बर्फाचे तुकडे तरंगत असलेल्या पाण्यावर, दुसरा प्रयत्न झाला. ह्या खेपेस मागचा भाग मोडला. यंत्र उभे होऊन उलटले आणि मॅन्ली त्याखाली पाण्यात सापडले. सुदैवाने दोन्ही वेळा ते वाचले. लँग्लींच्या मते दोष फेकण्याच्या साधनाचा होता; पुढील अभ्यासकांनी दुबळ्या सांगाड्याकडे बोट दाखविले. वर्तमानपत्रांना मात्र कारणांशी कर्तव्य नव्हते. सार्वजनिक पैसा पाण्यात गेला म्हणून कायदेमंडळात टीका झाली आणि देशभर ह्या वृद्ध शास्त्रज्ञाची थट्टा झाली.

त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, विल्बर व ऑर्व्हिल ह्या राइट बंधूंनी किटी हॉकच्या वाळूवर चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे, शेवटचे ५९ सेकंदांचे. सायकली विकणाऱ्या दोन भावांचे भांडवल लँग्लींच्या मानाने नगण्य होते. मग फरक कोठे पडला? आमच्या मते तो एका गोष्टीत होता. लँग्लींना उडणारे यंत्र घडवावयाचे होते. राइट बंधूंना उडावयास शिकावयाचे होते. इंजिन लावण्यापूर्वी त्यांनी बिनइंजिनाच्या यंत्रावरून एकट्या १९०२ च्या हंगामात शेकडो वेळा तरंगून पाहिले. डावा-उजवा तोल हातांना व अंगाला शिकविला. मॅन्ली ज्या दिवशी नदीवर झेपावले, त्याआधी ते कोणत्याही यंत्रात हवेत गेले नव्हते. लँग्लींची लहान विमाने आपला तोल आपणच सांभाळीत. त्यांना हाकणारा कोणी नव्हता, म्हणून हाकण्याच्या विद्येचे महत्त्व त्यांना उशिरापर्यंत कळले नाही. आज मैदानावर रिमोट घेऊन उभा असलेला मुलगा जे शिकतो आहे, नेमके तेच त्यांच्या साधनेत राहून गेले होते.

परंतु कथेची दुसरी बाजूही आहे. ३० मे १८९९ रोजी विल्बर राइट ह्यांनी विमानविद्येवरील वाङ्मयाची माहिती मागण्यासाठी एका संस्थेस पत्र लिहिले. ती संस्था स्मिथ्सोनियन होती. काही दिवसांतच त्यांना पुस्तिका व ग्रंथांची यादी मिळाली. त्यांत लँग्लींचेही लेखन होते. लँग्लींसारखा विद्वान ह्या प्रश्नामागे लागला आहे, हे पाहूनही त्या बंधूंचा धीर वाढला. पेटलेल्या दिव्यावरून दुसरा दिवा लागला. पहिला मात्र वाऱ्याने विझला.

त्यांची अखेर खिन्न झाली. १९०५ मध्ये संस्थेच्या हिशेबनिसाने केलेली अफरातफर उघडकीस आली. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. पक्षाघाताने अंथरुणास खिळून २७ फेब्रुवारी १९०६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या बाजूने एक अन्यायही घडला. १९१४ मध्ये त्यांचे मोठे यंत्र पुष्कळ बदल करून थोडेसे उडविण्यात आले आणि तेच पहिले समर्थ विमान, असे स्मिथ्सोनियन संस्था सांगू लागली. रुष्ट होऊन ऑर्व्हिल राइट ह्यांनी आपले विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयास दिले. १९४२ मध्ये संस्थेने चूक मान्य केली आणि १९४८ मध्ये ते विमान मायदेशी आले. मृताच्या गौरवासाठीसुद्धा असत्याची टेकू घेऊ नये, हाच ह्याचा बोध. आज अमेरिकेतील एक प्रसिद्ध विमान-संशोधन केंद्र लँग्लींच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे ५ क्रमांकाचे यंत्र स्मिथ्सोनियनने जतन केले आहे.

आपल्याकडेही मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविल्याची कथा अभिमानाने सांगितली जाते. त्यांच्या जिज्ञासेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. त्यामुळे ती कथा इतिहासाच्या पंक्तीस बसू शकत नाही. लँग्लींचे तसे नाही. ते कोठे चुकले, हे आपण आज सांगू शकतो, कारण आपल्या चुका त्यांनीच लिहून ठेवल्या. १९११ मध्ये त्यांच्या व मॅन्लींच्या नोंदी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांतील अपयशाची पाने यशाच्या पानांहून अधिक आहेत.

ही कथा सांगून झाल्यावर तो मुलगा काही बोलला नाही. आम्हीही आग्रह केला नाही. दोन आठवड्यांनी मुले मैदानावर जमली तेव्हा तो आला. विमान त्याने दुसऱ्याच्या हाती ठेवले होते आणि स्वतःच्या हाती शंभर पानी वही घेतली होती. तीत त्याने तारीख, वाऱ्याची दिशा, उड्डाणाचे सेकंद आणि पडण्याचे कारण असे चार रकाने आखले होते. त्या दिवशी विमान सहा वेळा पडले. सहावे उड्डाण ४३ सेकंदांचे झाले, आणि त्या वेळी रिमोट पुन्हा त्याच्या हाती होता.